मिळालेली जागा, मिळवलेली जागा

१७ ऑक्टोबर ही तारीख भारतीय मुलींच्या फुटबॉलमध्ये दोनदा नोंदवून ठेवावी अशी आहे. २०२२ साली त्या दिवशी भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर १७ वर्षांखालील विश्वचषकात ब्राझीलने आपल्या मुलींना ५-० असे हरवले. त्याआधी अमेरिकेने ८-० आणि मोरोक्कोने ३-०. तीन सामने, अंगावर सोळा गोल, आणि समोरच्या जाळीत एकही नाही. त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, २०२५ च्या १७ ऑक्टोबरला, किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक येथे याच वयोगटाच्या भारतीय संघाने उझबेकिस्तानला २-१ असे हरवून आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळवला. मुली अर्थातच नव्या होत्या. या वयोगटात तीन वर्षांत सगळा संघच बदललेला असतो. पहिल्या प्रसंगी यजमान म्हणून आपण सारे निदान नावापुरते तरी पाहत होतो. दुसऱ्या प्रसंगाची बातमी मला क्रीडापानाच्या तळाशी, क्रिकेटच्या धावफलकाखाली सापडली.

आणि तरीही या दोहोंत दुसरा प्रसंग मोठा, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२२ ची जागा आपल्याला मिळाली होती, आपण ती मिळवली नव्हती. यजमान देशाला विश्वचषकात थेट प्रवेश असतो. ज्याच्या घरी लग्न, त्याला पत्रिका कशाला लागते? बाकीच्यांना मात्र पत्रिका कमवावी लागते. मोरोक्कोचेच उदाहरण घ्या. त्यांच्या मुलींचाही तो पहिलाच विश्वचषक होता. पण त्या आल्या होत्या आफ्रिकेतली पात्रता फेरी खेळून, शेवटच्या टप्प्यात घानाला पेनल्टींवर हरवून. काठावरचा सामना खेळणे म्हणजे काय, एका चुकीने सगळे संपते म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या मुलींनी शिबिरे केली होती, इटली आणि नॉर्वेचे दौरे केले होते, पण ज्यावर काही अवलंबून आहे असा सामना त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. भुवनेश्वरला मोरोक्कोने केलेल्या तीन गोलांत मला तरी हा फरक दिसला.

त्या मुलींना दोष देण्याचा प्रश्नच नाही. कर्णधार अस्तम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. घरच्या मातीच्या अंगणातून उठून अमेरिकेसमोर उभे राहायचे, तेही ऐन ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केल्यावर. अकरा दिवस ही स्पर्धा भारतात होणार की नाही, हेच कोणाला माहीत नव्हते.

पण त्याहून वाईट नशीब त्यांच्या आधीच्या तुकडीचे. हा विश्वचषक खरे तर २०२० चा. स्वीडनचे थॉमस डेनरबी यांच्या हाताखाली मुली तयार होत होत्या. करोना आला, स्पर्धा आधी २०२१ वर ढकलली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रद्दच झाली. पुढचे यजमानपद भारतालाच मिळाले, म्हणून अधिकाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मुलींचे काय? २०२० साठी १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतरचा जन्म चालत होता, २०२२ साठी १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतरचा. म्हणजे २००३ आणि २००४ मध्ये जन्मलेली प्रत्येक मुलगी एका पत्रकासरशी बाद. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये आज हुकले तर चार वर्षांनी पाहू, असे म्हणता येते. येथे जन्मदाखलाच आडवा येतो. आपल्याकडे दहावीचे वर्ष वाया जाण्याचा केवढा धसका! पण दहावीला ऑक्टोबरची तरी परीक्षा होती.

याच कारणाने मला पात्रता फेऱ्यांविषयी ओढ आहे. नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२२ चा अंतिम सामना पाहायला मी गेलो होतो. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले, तोही कोलंबियाच्याच स्वयंगोलावर. सोहळा उत्तम होता, दिवे होते, संगीत होते. पण तेथे पोहोचलेल्या दोन्ही संघांचे निम्मे काम आधीच, कुठल्यातरी थंड गावी, मोजक्या प्रेक्षकांसमोर झालेले होते. ते कोणी पाहत नाही.

बिश्केकचा हिशेब पाहा. २०२६ मध्ये चीनमध्ये होणाऱ्या आशियाई स्पर्धेसाठी एकूण बारा जागा. त्यांपैकी आठ, आठ गटांच्या विजेत्यांना. दुसऱ्या क्रमांकाला काही नाही. आपल्या गटात तीनच संघ, म्हणजे प्रत्येकी दोनच सामने. वर्षभराची शिबिरे, ऑगस्टमध्ये भूतानला जिंकलेली दक्षिण आशियाई स्पर्धा, सगळ्याचा निकाल एकशे ऐंशी मिनिटांत. पहिल्या सामन्यात यजमान किर्गिझस्तानला २-१ असे हरवले. चार दिवसांनी उझबेकिस्तान. बरोबरीही पुरणार होती, आणि बरोबरी पुरणार असते तेव्हाच संघ घसरतो, हे फुटबॉल पाहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. ३८ व्या मिनिटाला उझबेकिस्तानने गोल केला.

तेथून परत येणे हीच त्या संघाची कमाई. बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या थंडामोनी बास्के हिने ५५ व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि अकरा मिनिटांनी झारखंडच्या अनुष्का कुमारीला दुसऱ्या गोलची संधी करून दिली. पुढची चोवीस मिनिटे आणि वरची भरपाईची वेळ ती आघाडी टिकवायची होती, ती टिकली. आशियातल्या या स्पर्धेत भारत याआधी २००५ साली, म्हणजे पहिल्याच वेळी, खेळला होता. पण तेव्हा पात्रता फेरीच नव्हती. २०२३ मध्ये याच बिश्केकमध्ये आपण एक टप्पा ओलांडला आणि पुढच्या टप्प्यात अडकलो. पात्रता फेरी खेळून मुख्य स्पर्धेत जाण्याची ही पहिली वेळ.

तेच वर्ष एकूण वेगळे होते. ऑगस्टमध्ये २० वर्षांखालील संघ यांगोनला गेला. इंडोनेशियाशी ०-०, तुर्कमेनिस्तानवर ७-० आणि शेवटी घरच्या प्रेक्षकांसमोर खेळणाऱ्या म्यानमारवर पूजाच्या एकमेव गोलने १-०. त्या वयोगटात आपण २००६ नंतर प्रथमच आशियाई स्पर्धेत पोहोचलो. त्याआधी जुलैत मोठ्यांच्या संघाने चियांग माई येथे थायलंडला २-१ असे हरवले होते. तीन संघ, तिन्ही परक्या भूमीवर, आणि कोणालाही यजमानपदाचा टेकू नाही.

मुलगी मैदानावर पाठवायची तर आईबापांना भीती केवळ गुडघा दुखावण्याची नसते. २०२२ मध्ये याच वयोगटाच्या संघाच्या युरोप दौऱ्यातून एका सहप्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून परत बोलावून काढून टाकावे लागले. विश्वचषकाच्या जाहिरातींत त्या गोष्टीला जागा नव्हती, हे समजण्यासारखे. पण मुलीच्या खोलीबाहेर कोण आहे, हे विचारण्याचा हक्क आईबापांना आहे आणि त्यांनी तो बजावावा. संघासोबत स्त्री अधिकारी असणे ही मेहेरबानी नव्हे.

आता दुसरी बाजू. आशियातून विश्वचषकाला जाणे म्हणजे साध्या दारातून जाणे नव्हे. २००८ मध्ये न्यूझीलंडला झालेला मुलींचा पहिला १७ वर्षांखालील विश्वचषक उत्तर कोरियाने जिंकला. २०१४ चा जपानने, २०१६, २०२४ आणि २०२५ चे पुन्हा उत्तर कोरियाने. चीन आणि दक्षिण कोरिया वेगळेच. बारा संघांत चार जागा, आणि चार दावेदार आधीपासून ठरलेले. बिश्केकचा विजय या रांगेत उभे राहण्यापुरता आहे, रांगेच्या पुढे जाण्यापुरता नाही, हे आपण नीट समजून घ्यावे. नाहीतर पहिल्या मोठ्या पराभवालाच आपण त्याच मुलींना नावे ठेवू.

एक गोष्ट मात्र बदलली आहे, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. २०२४ पर्यंत हा विश्वचषक दोन वर्षांनी एकदा, सोळा संघांचा असे. २०२५ पासून तो दरवर्षी, चोवीस संघांचा झाला. त्यातला पहिला मोरोक्कोत भरला, आणि योगायोग असा, की त्याचा प्रारंभ १७ ऑक्टोबरलाच झाला. तिकडे रबातला शिट्टी वाजली, त्याच दिवशी बिश्केकमध्ये आपल्या मुली मैदानातून बाहेर येत होत्या. स्पर्धा दरवर्षी म्हणजे पात्रता फेरीही दरवर्षी. बिश्केकच्या फेरीसाठी जन्मतारखेची मर्यादा होती १ जानेवारी २००९. २००३ साली जन्मलेल्या मुलींना जे मिळाले नाही, ते त्यानंतर जन्मलेल्या धाकट्या बहिणींना मिळू शकते: एका वर्षी हुकले, तर पुढच्या वर्षी पुन्हा एकशे ऐंशी मिनिटे.