पीजी सेक्शनमधलं टेबल

एमडी-एमएस करणाऱ्या निवासी डॉक्टरला घडवतात ते त्याचे शिक्षक आणि पेशंट. पण त्याची तीन वर्षं मोजतं कोण? नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजच्या पीजी सेक्शनमध्ये, तिथलं काम सांभाळणाऱ्या मॅडमच्या टेबलासमोर बसून मी हे मोजणं पाहिलं. सिनॉप्सिस, प्रबंध, परीक्षा अर्ज असं सगळं शेवटी म्हसरूळला, 1998 साली स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात जातं. त्याआधी ते या टेबलावरून जातं.

टेबलावर जिल्हा निवासी कार्यक्रमाचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'डीआरपी'चा तक्ता होता. नियम साधा: तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्ह्याच्या सरकारी आरोग्ययंत्रणेत काम करायचं. तक्ता साधा नाही. भूलशास्त्राचे दोघं एकदम गेले तर इकडची ऑपरेशनची यादी कोलमडते. पाचव्या सत्रापर्यंत ढकललं तर प्रबंध डोक्यावर येतो. मॅडम पेन्सिलीनेच लिहितात. खोडून खोडून कागद दोन ठिकाणी विरला होता. फोन आला. "सर, नाव बदलून देते. महिना नाही बदलता यायचा." विभागप्रमुखांना नाही म्हणायचा अधिकार त्यांना कुठल्याच जीआरने दिलेला नाही, पण तारखा त्यांच्याकडे आहेत.

शरीररचनाशास्त्राच्या मुलांनाही डीआरपी आहेच. त्यांनी जिल्ह्यात करायचं काय? निदान सेवा, सार्वजनिक आरोग्याचे कार्यक्रम अशी कामं नियमात दिली आहेत.

या काळातलं विद्यावेतन मूळ कॉलेजच देतं, पण तिकडून हजेरी आल्यावर. म्हणजे कार्यमुक्तीचं पत्र, रुजू अहवाल, मग हजेरी. कागद अडकला की मुलगा फोन करतो तो मॅडमना. "जावक नंबर सांग, मग बघते."

वरचे घोळही इथेच निस्तरायचे. 2021 ची नीट पीजी 11 सप्टेंबरला झाली आणि आरक्षणाचा वाद कोर्टात गेल्याने कौन्सेलिंग जानेवारी 2022 मध्ये सुरू झालं. नवी बॅच येईपर्यंत पहिल्या वर्षाची कामं वरच्यांनी ओढली. अशी एक बॅच उशिरा आली की एकाच वॉर्डात तीन पंचांगं चालतात.

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या 2023 च्या नियमांत किमान 80 टक्के हजेरी आहे, वर्षाला 20 दिवस भरपगारी रजा आहे, आठवड्याची सुटीही आहे, 'कामाच्या निकडीनुसार'. माझ्या मते सगळी गोम या दोन शब्दांत आहे. मस्टरवर 'हजर' दिसतं; निवासी डॉक्टर आज सकाळी आला की काल सकाळपासून इथेच आहे, हे सांगणारा रकानाच नाही. असा रकाना हवा, असं मी म्हटलं.

"वरून फॉर्म येऊ दे," मॅडम म्हणाल्या, "भरून घेते."