बोनेटखालचं तेल आणि जयंती नाला

खंडेनवमी जवळ आली की कोल्हापुरातल्या वॉशिंग सेंटरांवर गाड्यांची रांग लागते. गाडीला हार घालायचा तर आधी ती लख्ख हवी. छत्रपती घराण्याची जुनी मायबाख दसरा चौकात येते तेव्हा ती पाहायला आजही गर्दी होते. या गावाचं मोटारीवरचं प्रेम असं जुनं आहे. पत्रा धुण्यात फारसा धोका नसतो. पण ‘इंजिनवर पण पाणी मारा’ असं मालक सहज सांगून जातो, तिथून खरा प्रश्न सुरू होतो.

बोनेटखालचा काळा थर म्हणजे निव्वळ धूळ नव्हे. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालं, ऑइल सील झिजलं की तेल पाझरतं. त्यावर रस्त्याची माती बसते आणि इंजिनच्या उष्णतेनं सगळं भाजून घट्ट होतं. ऊसपट्ट्यातल्या गाड्यांवर तर गळीत हंगामात हा थर फार लवकर चढतो. उष्णता नीट बाहेर पडत नाही, गळती कुठली ते दिसत नाही, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर तेल ठिबकलं तर आगीची भीती. म्हणून सफाई हवीच. मात्र ती कशी करायची याला फार महत्त्व आहे.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पाणी शिरलं तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून पुसली, वाळवली की बहुतेक वेळा भागायचं. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ आलं. आता इंजिनभोवती सेन्सर, कपलर आणि वायरिंगचं जाळं असतं. कपलरना रबरी सील असतात, पण ती पावसाच्या शिंतोड्यांसाठी. प्रेशर पंपाची धार अगदी जवळून बसली तर पाणी सील ओलांडून आत जातं. गाडी त्या दिवशी व्यवस्थित चालते. पिना हिरव्या पडतात त्या नंतर, आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागला तरी त्याचा त्या धुण्याशी संबंध कुणाला आठवत नाही.

जाणता मिस्त्री आधी इंजिन पूर्ण गार होऊ देतो. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, आणि डिग्रीजरही लागलीच वाळून डाग धरतो. मग तो बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवतो. एअर फिल्टरचं तोंड, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि कॉइल प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळले जातात. सुकी माती आधी ब्रशनं झाडायची. पाण्यात मिसळणारं डिग्रीजर खालून वर मारायचं, म्हणजे ओघळांचे पट्टे उठत नाहीत. पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचं. सांदीकोपऱ्यात जुना टूथब्रश छान चालतो. कडक अल्कली असलेल्या रसायनानं ॲल्युमिनियम काळवंडतं, ते रसायन टाळायचं. शेवटी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं, फार तर पाण्याची मंद फवारणी. नंतर कॉम्प्रेसरची हवा मारायची, विशेषतः स्पार्क प्लगच्या खोबणीत, कारण तिथं साचलेलं पाणी इंजिनला मिसफायर करतं.

पेट्रोलनं इंजिन पुसण्याचा उद्योग तर पूर्ण बंद झाला पाहिजे. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते. एक ठिणगी पुरते. डिझेल मारून चमक आणण्याची पद्धतही तितकीच चुकीची. तेलकट थरावर धूळ पुन्हा चिकटते आणि रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात.

कोल्हापूरच्या शाहूपुरी पेठेत या सगळ्याला आणखी एक बाजू आहे. मिरजेहून १८९१मध्ये रेल्वे आली आणि १८९५मध्ये राजर्षी शाहूंनी ही व्यापारपेठ वसवली. गुळाच्या अडतीतून वाढलेल्या या पेठेलगत जयंती नाला वाहतो, तो पंचगंगेला मिळतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ती ओलांडून नदी फुगली की नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर गाठतं. २०१९ आणि २०२१च्या महापुरात इथल्या घरांनी, दुकानांनी हे भोगलं. नाल्यात सोडलेला तेलकट गाळ अशा वेळी पेठेच्याच दारात येतो.

पुरात उभी राहिलेली गाडी तर चावी फिरवून पाहायचीच नाही. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ दिसलं तर गाडी टोइंग करूनच न्यावी. गाळ ओला असतानाच काढावा, वाळला की तो कपलरमध्ये सिमेंट होतो.

एरवीच्या सफाईत पाणी कमी वापरलं की नाल्यात जाणारं तेलही कमी होतं. इंजिनखाली ट्रे ठेवावा, तेलकट चिंध्या वेगळ्या डब्यात टाकाव्यात. वापरलेलं तेल २०१६च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवं. वॉशिंग सेंटरच्या गटाराला तेल अडवणारा टाका असणं तर अगदीच गरजेचं, आणि ग्राहकानं तो आहे का हे विचारायला संकोचू नये.

स्वच्छ झालेल्या इंजिनवर आठवडाभरानं टॉर्च मारून पाहावं. ताजा ओलावा जिथं दिसेल, त्याच्या वरच्या बाजूला गळतीचं मूळ असतं. बरेचदा ते टॅपेट कव्हरचं पॅकिंग निघतं, आणि अनेक गाड्यांत ते बदलणं मिस्त्रीचं तास-दोन तासांचं काम असतं.