‘हेवी रेन’ : चालायला पण बटण, ओरडायला पण बटण

हा भाग ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा, ऐकला असेल तरी वाचा, कारण रेकॉर्डिंगमध्ये मी दोन-तीन ठिकाणी भरकटलो होतो. इथे जरा सरळ करून लिहितोय. (फार सरळ होईल याची खात्री नाही.)

गोष्टीवर चालणारे गेम म्हटलं की एक टोमणा हमखास ऐकायला मिळतो: “अरे, हा तर सिनेमाच आहे, मध्ये मध्ये बटणं दाबायची एवढंच.” टोमण्यात तथ्य आहे. १९८३ च्या ‘ड्रॅगन्स लेअर’मध्ये तेच होतं. कार्टून चालू, योग्य क्षणी योग्य दिशा दाबली तर पुढे, नाहीतर मेलात. १९९९ मध्ये ‘शेनमू’ने या प्रकाराला ‘क्विक टाइम इव्हेंट’ हे नाव दिलं. दोन्हींत बटण म्हणजे परीक्षा, पास किंवा नापास. ‘हेवी रेन’ने त्याच बटणाचा वेगळा उपयोग केला, आणि आज मला बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी थोडी वाट पाहण्याची गोष्ट. पॅरिसच्या ‘क्वांटिक ड्रीम’ या स्टुडिओने २००६ च्या ‘ई-थ्री’ प्रदर्शनात एक छोटा डेमो दाखवला. एक मुलगी कॅमेऱ्यासमोर ऑडिशन देतेय. आधी साधं बोलते, मग नवऱ्याच्या फसवणुकीची गोष्ट सांगता सांगता रडते, हातात पिस्तूल येतं. लढाई नाही, गाडी नाही, काही नाही. फक्त एक चेहरा. गेम आला फेब्रुवारी २०१० मध्ये, प्लेस्टेशन ३ वर. म्हणजे जवळपास चार वर्षं लोक त्या चेहऱ्याच्या भरवशावर थांबले होते! मीही त्यातलाच. स्लो इंटरनेटवर तो व्हिडिओ अडकत अडकत पाहिलेला, आणि डोक्यात एकच प्रश्न: हे सगळं हातात कंट्रोलर घेऊन करायचं म्हणजे नक्की करायचं काय?

बरं, शेवटी मावसभावाकडे डिस्क आली आणि पहिल्या पाच मिनिटांत माझा पोपट झाला. कारण चालता येईना.

बाकीच्या गेममध्ये डावी स्टिक पुढे ढकलली की माणूस चालतो. इथे चालायला आर-टू दाबून धरायचं आणि डाव्या स्टिकने फक्त दिशा द्यायची. मी ईथनला बेडरूममधून बाहेर काढताना तीनदा भिंतीवर आपटलं. भाऊ म्हणाला, “माणूस चालवतोयस की रिक्षा?” तक्रार रास्तच होती, पण यामागे कारणही आहे. या गेममध्ये कॅमेरा सिनेमासारखा कट होतो. आत्ता पात्र समोरून दिसतंय, पुढच्या क्षणी पाठीमागून. स्टिकनेच चालायचं असतं तर प्रत्येक कटला ‘पुढे’चा अर्थ बदलला असता. आर-टू दाबून धरलं की पात्र आपलं चालत राहतं, कॅमेरा कुठेही जावो. युक्ती पटते. तरी हाताला ती शेवटपर्यंत आवडली नाही, हेही सांगून टाकतो.

गंमत सुरू होते ती उजव्या स्टिकपासून. गेमची सुरुवात म्हणजे एका साध्या माणसाची सकाळ. उठा, आंघोळ करा, दाढी करा. दात घासायला कंट्रोलर हलवायचा, दाढीला स्टिक हळूहळू फिरवायची. घाई केली तर कापतं. फार काही होत नाही, गोष्टही बदलत नाही. पण आपला अंगठा आपोआप जपून चालायला लागतो, आणि गेमला तेच हवं असतं. तो बोटांना एक भाषा शिकवतोय: हळू म्हणजे काळजी, झटका म्हणजे घाई, दाबून धरणं म्हणजे ताण. मग एल-टू दाबलं की पात्राच्या मनातले विचार डोक्याभोवती फिरतात. माणूस शांत असेल तर शब्द नीट वाचता येतात. घाबरलेला असेल तर ते थरथरतात आणि चुकीचं उत्तर निवडलं जातं. घाबरलाय तो, गोंधळ मात्र आपला होतो.

(आता सुरुवातीचा एक प्रसंग सांगतोय. अजिबात काही कळू द्यायचं नसेल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडा. खुनी कोण ते सांगणार नाही, काळजी नसावी.)

मॉलमध्ये गर्दी आहे. ईथनचा मोठा मुलगा जेसन लाल फुगा घेऊन पुढे निघून जातो. तुमच्याकडे एकच बटण आहे, एक्स. दाबलं की ईथन हाक मारतो, “जेसन!” इंटरनेटवर या प्रसंगाची इतकी टिंगल झाली की विचारू नका. लोक मजेत एक्स बडवत राहतात आणि तो बिचारा पन्नास वेळा ओरडत राहतो. मीही हसलोय. पण पहिल्यांदा खेळताना हसलो नव्हतो. मी गर्दीतून वाट काढत होतो, दूरवर फुगा दिसत होता आणि दर दोन सेकंदांनी एक्स दाबत होतो. त्याने काहीच होत नाही. कितीही वेळा दाबा, कितीही पटकन पोहोचा, तो अपघात होणारच आहे. म्हणजे कंट्रोल पूर्ण माझ्या हातात आणि निकाल अजिबात नाही. “निवडीला अर्थच नाही” असं जे म्हणतात त्यांनी हा प्रसंग पुन्हा आठवून बघावा. हरवलेल्या मुलाला हाक मारणाऱ्या बापाच्या हातात तरी दुसरं काय असतं?

दोन वर्षांनी ईथनचा धाकटा मुलगा, शॉन, बेपत्ता होतो. एक खुनी मुलांना पळवून पावसाच्या पाण्यात बुडवतोय, आणि शॉनचा पत्ता हवा असेल तर ईथनला एकेक परीक्षा द्यायला लावतोय. त्यातली एक: पाच मिनिटांत स्वतःच्या बोटाचं शेवटचं पेर कापायचं, कॅमेऱ्यासमोर. खोलीत फिरून हत्यार शोधायचं ते आपण. दारू सापडली तर प्यायची, श्वास सावरायचा. घड्याळ चालू. मी दोनदा बटणं दाबून धरली आणि दोनदा सोडली. सोडली की ईथनही मागे हटतो. इथे पास-नापास नाही, न कापता निघूनही जाता येतं, गोष्ट थांबत नाही. भाऊ शेजारी बसून “दाब ना, दाब ना” करत होता आणि नंतर तोच गप्प झाला. तिसऱ्यांदा मी सोडली नाहीत.

ही जी वाट बघायला लावणारी सेकंदं आहेत ना, ती सिनेमात मिळत नाहीत. सिनेमात दिग्दर्शक कापतो. इथे मी तयार होईपर्यंत सगळी खोली माझ्यासाठी थांबते.

आता उणं-दुणं. पटकथेत भोकं आहेत आणि शेवटी उत्तर कळल्यावर मागचे काही प्रसंग जुळत नाहीत. अमेरिकेतली गोष्ट आणि काही उच्चार भलतेच. शिवाय याच स्टुडिओच्या २०१८ च्या ‘डेट्रॉइट’मध्ये प्रत्येक प्रकरणानंतर वाटांचा पूर्ण नकाशा दाखवतात, कुठे वळलात, काय हुकलं. काहींना तो फार आवडतो. माझी मात्र धाकधूकच जाते. रस्त्याला किती फाटे होते हे कळलं की आपण निवडलेला फाटा स्वस्त वाटायला लागतो.

“आमच्याकडे कन्सोल नाही” म्हणणाऱ्यांसाठी: ‘हेवी रेन’ २०१९ पासून पीसीवर आहे. आणि फोनच हवा असेल तर ‘फ्लॉरेन्स’ खेळा. २०१८ चा, तासाभरात संपणारा. दोघं पहिल्यांदा भेटतात तेव्हा बोलायला कोड्याचे बरेच तुकडे जुळवावे लागतात. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात, बोलणं सोपं होतं. आणि भांडण होतं तेव्हा तुकड्यांना टोकं फुटतात. काचेवर बोट फिरवताना बटणासारखा दाब जाणवत नाही, तरी सांगतो, ते भांडण अंगठ्याला कळतं.

‘हेवी रेन’चा दिग्दर्शक डेव्हिड केज याचं म्हणणं होतं की हा गेम लोकांनी एकदाच खेळावा. तेव्हा मला ते शहाणपण शिकवणं वाटलं होतं. मी नंतर बाकीचे शेवट बघायला दोन-तीन प्रकरणं पुन्हा खेळलो, बिनधास्त, चुका करत. बोटाचं प्रकरण तेवढं परत उघडलेलं नाही. भाऊ अजून चिडवतो.

तुम्ही त्या खोलीत काय केलंत, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.