वाळूवरील गांव

वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्ख मनुष्याचा दृष्टांत आम्हीं शाळेच्या प्रार्थनेंत अनेकदां ऐकला आहे. परंतु वाळूवर एक संपूर्ण गांव नांदतें, हें देवबाग पाहीपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हतें.

मालवणच्या दक्षिणेस, तारकर्लीच्या पुढें, पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस कर्ली नदी यांच्यामध्यें वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे. तीवर हें गांव वसलें आहे. भूगोलांत अशा पट्टीस वाळूचा दांडा म्हणतात. तो कसा तयार होतो हें पाहण्याकरितां आम्ही विद्यार्थी शिक्षकांसमवेत तेथें गेलों.

लाटा किनाऱ्यावर बहुधा तिरप्या येतात. परततांना मात्र पाणी उतारानें सरळ खालीं जातें. त्यामुळें वाळूचा कण दर लाटेबरोबर थोडथोडा बाजूस सरकतो. आम्हीं पाण्याच्या कडेस एक करवंटी टाकली. ती थोड्याच वेळांत कित्येक पावलें दूर गेली. असे असंख्य कण नदीच्या मुखाशीं सांचून दांडा लांबत जातो. पावसाळ्यांत उंच लाटा किनाऱ्याची वाळू ओढून समुद्रांत नेतात व पुढें थंडीच्या दिवसांत मंद लाटा ती परत आणून टाकतात. सारांश, हा दांडा स्थिर नाहीं. वाळूच्या जमाखर्चावर तो उभा आहे.

जमेपेक्षां खर्च वाढला म्हणजे काय होतें, तें एका वृद्ध गृहस्थांनीं पाण्याकडे बोट करून दाखविलें. "पोरांनू, थंय आमचे माड होते, आतां थंय मासे फिरतत," ते म्हणाले. घरें वांचविण्यासाठीं तेथें दगडांचा बंधारा घातलेला आहे. बंधाऱ्यावर आपटलेली लाट पायथ्याची वाळू उपसून नेते आणि बंधारा संपतो तेथें धूप वाढते, असें शिक्षकांनीं समजाविलें. तथापि ज्याचें घर बंधाऱ्यामागें आहे, त्यास बंधारा नको असें आम्हीं कोणत्या तोंडानें सांगावें?

जेथें बंधारा नव्हता तेथें वाळूवर मर्यादवेल पसरली होती. तिचीं पानें आपट्याच्या पानांसारखीं व फुलें जांभळीं असतात. वाऱ्यानें उडणारी वाळू ती अडविते. त्या वाळूचा हळूहळू उंचवटा होतो, आणि वादळाच्या वेळीं तीच गांवाची शिल्लक ठरते. समुद्राची मर्यादा दाखविणाऱ्या या वेलीचें नांव किती सार्थ आहे!

परततांना आम्हीं तिच्यावर पाय न देतां वाट काढली. वाळूवर राहणारीं माणसें मूर्ख नव्हेत. मात्र वाळूची रीत विसरून तिच्यावर बांधीत जाणें शहाणपणाचें नाहीं, एवढें आम्ही देवबागच्या किनाऱ्यावर शिकलों.