विश्लेषण : नाताळची तारीख बदलली, शस्त्राचा प्रश्न कायम… युक्रेनमधील तरुण प्रॉटेस्टंटांसमोर पेच काय?

युक्रेनमध्ये नाताळची अधिकृत सुट्टी आता फक्त २५ डिसेंबरला असते. ७ जानेवारीची जुनी सुट्टी २०२३ मध्ये कायद्याने रद्द झाली. देशातील बाप्तिस्ट, पेंटेकोस्टल आदी प्रॉटेस्टंट मंडळ्यांना हा बदल जड गेला नाही. मात्र ज्याला ‘शांतीचा अधिपती’ म्हणायचे त्याचा जन्मदिन साजरा करताना या मंडळ्यांतील तरुणांपुढे दुसराच प्रश्न उभा आहे. सैन्याचे बोलावणे आले तर बंदूक हाती घ्यायची का?

तारखेचा वाद काय होता?

ऑर्थोडॉक्स परंपरेतील अनेक चर्च जुने ज्युलियन कॅलेंडर पाळतात. ते आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे आहे, म्हणून त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो. रशियन ऑर्थोडॉक्स चर्च आजही तीच तारीख पाळते. युक्रेनने २०१७ मध्ये २५ डिसेंबरलाही सुट्टी दिली आणि काही वर्षे दोन्ही नाताळ सुखाने नांदले. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण आक्रमण केल्यावर तारीख ही कोणाच्या बाजूचे याची खूण बनली. अध्यक्ष झेलेन्स्की यांनी जुलै २०२३ मध्ये नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली.

अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या आधीपासून दोन्ही दिवस पाळत. एक आपला, एक शेजाऱ्यांचा. आता अनेकांचा सण एकाच दिवशी येतो. कुतिया म्हणजे गहू, मध आणि खसखस यांचा गोड पदार्थ. आपल्या गव्हाच्या खिरीची आठवण करून देणारा हा पदार्थ कोणत्या घरात कधी शिजतो, यावरून पंथ ओळखण्याचे दिवस सरत आले आहेत.

या मंडळ्या तिथे नव्या आहेत का?

नाहीत. १९व्या शतकात दक्षिण युक्रेनमधील जर्मन वसाहतींत बायबल-वाचनाचे तास चालत. ‘तास’ या अर्थाच्या जर्मन शब्दावरूनच तिथल्या पहिल्या युक्रेनी अनुयायांना ‘श्टुंडिस्ट’ हे नाव पडले. सोव्हिएत काळात सरकारचा खरा रोख होता तरुणांवर. १९६० मध्ये सरकारी दबावाखाली बाप्तिस्टांच्या मान्यताप्राप्त संघटनेने आपल्या वरिष्ठ पाळकांना सूचनापत्र पाठवले : १८ ते ३० वयोगटातील बाप्तिस्मे कमीत कमी करा, मुलांना उपासनेला आणू नका. यावरून १९६१ मध्ये चळवळ उभी राहिली आणि पुढे मंडळ्यांत फूट पडली. सरकारी नोंदणी नाकारणाऱ्या गटांतील अनेकांनी तुरुंगवास भोगला. आज विशीत असलेल्या अनेकांच्या आजी-आजोबांनी हे सारे सोसले आहे. या घरांमध्ये मुलांनी नाताळात उभे राहून गाणे ही साधी गोष्ट का नाही, ते यातून कळते.

युद्धात नाताळची उपासना कशी होते?

संचारबंदीचे वेळापत्रक पाहून. मध्यरात्रीची उपासना दुपारी किंवा संध्याकाळी लवकर उरकावी लागते. वीज गेली की जनरेटर, भोंगा वाजला की तळघर. सणाच्या दिवसांतही हल्ले थांबत नाहीत. २४ डिसेंबर २०२२ रोजी खेरसन शहराच्या मध्यवर्ती भागात तोफगोळे पडून किमान १० जण मरण पावले. २५ डिसेंबर २०२४ रोजी रशियाने ७०हून अधिक क्षेपणास्त्रे आणि १००हून अधिक ड्रोन सोडले. लक्ष्य होते वीजव्यवस्था.

तरुणांच्या संख्येचे कोडे आणखी वेगळे. अनेक मुली आणि लहान मुले असलेली कुटुंबे निर्वासित होऊन पोलंड-जर्मनीत गेली. १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला बंदी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये १८ ते २२ वयाच्या मुलांना सीमा ओलांडायची मुभा मिळाली. एखाद्या मंडळीच्या युवा गटासाठी ही सुटकाही आहे आणि गळतीही. गिटार वाजवणारा, रविवारची शाळा घेणारा, जनरेटर दुरुस्त करणारा मुलगा अनेकदा एकच असतो.

मग बंदुकीचे काय?

खरा पेच इथे आहे. युक्रेनच्या राज्यघटनेचे कलम ३५ सांगते, की लष्करी कर्तव्य श्रद्धेच्या विरुद्ध जात असेल तर पर्यायी सेवा दिली पाहिजे. त्यासाठी पात्र पंथांची यादीही सरकारने १९९९ मध्ये केली. तीत बाप्तिस्ट, अ‍ॅडव्हेंटिस्ट, यहोवाचे साक्षीदार यांच्यासोबत कृष्णभावनामृत संघही आहे! पण ही सोय शांतताकाळातील सक्तीच्या सेवेपुरती होती. युद्धकाळातील लामबंदीत ती लागू होत नाही, अशी सरकारची भूमिका आहे. बोलावणे नाकारल्यास ३ ते ५ वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. एका प्रॉटेस्टंट व्यक्तीला अशा खटल्यात शिक्षा होऊन ती तुरुंगात गेली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या सुटकेचा आदेश दिला. त्यामुळे त्या व्यक्तीची सुटका झाली, बाकीच्यांचा प्रश्न तसाच राहिला.

मंडळ्यांचेही एकमत नाही. जुन्या पिढीतील अनेकांना शस्त्र न घेणे हा विश्वासाचा गाभा वाटतो. सोव्हिएत सैन्यात शपथ नाकारण्याची किंमत त्यांच्यापैकी काहींनी मोजली आहे. तरुणांतील अनेक जण म्हणतात, ते साम्राज्याचे सैन्य होते, हे आपल्या घराचे रक्षण आहे. ते स्वतःहून भरती झाले. काहींनी मधला मार्ग धरला : रुग्णवाहिका, जखमींची ने-आण, लष्करी पाळकाची सेवा. हा मार्ग सन्मानाचा आहे, पण निवडीचा अधिकार दरवेळी त्या तरुणाकडे असतोच असे नाही. लामबंदीची किमान वयोमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये २७ वरून २५ वर आली. म्हणजे २३-२४ वर्षांच्या मुलाला हा निर्णय आताच मनाशी करून ठेवावा लागतो.

व्याप्त भागात परिस्थिती कशी?

अधिक बिकट. मेलितोपोलमधील ‘ग्रेस’ चर्चमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये रविवारची उपासना सुरू असताना सशस्त्र रशियन सैनिक शिरले. पुढे इमारतही ताब्यात घेतली गेली. रशियाचे २०१६चे धर्मप्रसारविरोधी निर्बंध आता तिथेही लागू आहेत. त्यामुळे घरात चार कुटुंबांनी जमून नाताळची प्रार्थना करणेही जोखमीचे ठरू शकते. आणि तिथल्या तरुणाला बोलावणे येते ते रशियाच्या सैन्याचे.