बदलते माहिती-तंत्रज्ञान आणि अध्यापकांची ‘योग्या’

आयुर्वेद महाविद्यालयांतील अध्यापकांनी संगणक कसा शिकावा, हा विषय दवाखाना चालविणाऱ्या वैद्याने अथवा औषधी दुकानाच्या मालकाने का वाचावा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. आज वर्गात बसलेला विद्यार्थी साडेपाच वर्षांनी आपला व्यवसायबंधू होतो, आपल्या शेजारी पाटी लावतो आणि आपल्याच दुकानातून चूर्णे व काष्ठौषधी नेऊ लागतो. त्याच्या शिक्षणात जी उणीव राहते ती फिरून आपल्याच दारी येते.

माझा दवाखाना भाईंदर येथे आहे. सकाळच्या गाडीने मुंबईकडे, तर काही उलट दिशेने वसई-विरारकडे शिकवावयास जाणारे अनेक अध्यापक मीरा रोड-भाईंदर परिसरात राहतात. संध्याकाळी त्यांतील काही जण आखडलेली मान आणि कंबर घेऊन माझ्याकडे येतात. अलीकडे मानेच्या तक्रारीसोबत आणखी एक तक्रार ऐकू येते. ‘डॉक्टर, विद्यार्थ्यांना आमच्याहून अधिक येते. कसे शिकवायचे?’ हा प्रश्न ऐकला की मला आमच्या सरांची आठवण होते.

सरांचा पहिला ऑनलाइन वर्ग

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि महाविद्यालये बंद झाली. मला द्रव्यगुण शिकविणारे सर तेव्हा निवृत्तीच्या जवळ आले होते. वनस्पती हातात घेऊन, तिचे पान चुरगळून, विद्यार्थ्यांना वास देत शिकविण्याची त्यांची पद्धत. त्यांनी ऑनलाइन वर्गाला आरंभ केला, चाळीस मिनिटे तळमळीने शिकविले आणि शेवटी शंका विचारल्या. कोणी बोलेना. काही वेळाने एका विद्यार्थिनीचा फोन आला की सर, तुमचा आवाज सुरुवातीपासून बंद होता.

त्या रात्री सरांनी मला फोन केला. म्हणाले, ‘अरे, मी आता थांबावे हे बरे. माझा राजीनामा तयार आहे.’

विशेष हे की सर अशिक्षित राहिले होते असे नाही. त्यापूर्वी त्यांनी संगणकाची दोन प्रशिक्षणे पूर्ण केली होती आणि दोन्हींची प्रमाणपत्रे त्यांच्या फाइलमध्ये व्यवस्थित लावलेली होती. मी त्यांना एकच विनंती केली, ‘सर, राजीनामा पंधरा दिवस थांबवा. रोज रात्री आठ वाजता माझा वर्ग घ्या. विद्यार्थी मी एकटाच.’ सरांनी ते मान्य केले. पहिल्या दिवशी आवाज बंद राहिला, दुसऱ्या दिवशी चित्र उलटे दिसले, तिसऱ्या दिवशी ते स्वतःच वर्गातून बाहेर पडले. मात्र पाहणारा मी एकटा असल्याने त्यांना संकोच वाटला नाही. बाराव्या दिवशी त्यांनी मोबाइल एका स्टँडवर उलटा बसविला, त्याखाली गुळवेलीचे कांड आडवे कापून ठेवले आणि त्यातील चक्राकार रचना दाखविली. वर्गात शेवटच्या बाकावर बसून ती मला कधीही इतकी स्पष्ट दिसली नव्हती. राजीनामा त्यांनी दिला नाही.

पुढील महिन्यात एका विद्यार्थ्याने अशोकाविषयी सादरीकरण केले. त्यात महाजालावरून घेतलेले छायाचित्र होते. सरांनी ते पाहताच थांबविले. चित्रातील झाड रस्त्याकडेला उंच सरळ वाढणारा आसोपालव होता, खरा अशोक नव्हता. औषधी दुकानदारांना या दोहोंच्या सालीतील गोंधळ नवा नाही. सर त्या वर्गातून निघून गेले असते तर ते चूक चित्र साठ विद्यार्थ्यांच्या वहीत गेले असते.

सुश्रुताचार्यांचे मार्गदर्शन

दोन प्रशिक्षणांनी जे साधले नाही ते बारा रात्रींनी कसे साधले? याचे उत्तर सुश्रुत संहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या, योग्यासूत्रीय अध्यायात आहे. शास्त्र पूर्ण अवगत असले तरी ज्याने ‘योग्या’ म्हणजे प्रत्यक्ष कर्माचा सराव केलेला नाही तो कर्मास अपात्र, असे आचार्यांचे मत आहे. म्हणून ते छेदनाचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड यांवर करावयास सांगतात. भेदनाचा पाणी वा चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर. वेधनाचा मृत पशूच्या शिरेवर वा कमळाच्या देठावर. सीवनाचा वस्त्राच्या कडांवर. आणि बंध बांधण्याचा पुस्तमय पुरुषावर. या सर्वांत एक सूत्र आहे. जेथे चूक झाली तरी कोणाची हानी होत नाही अशा वस्तूवर, त्या त्या कर्माचा, वारंवार अभ्यास.

आपली बहुतेक संगणक-प्रशिक्षणे व्याख्यानाने होतात. अध्यापक पडद्याकडे पाहतात, टिपणे घेतात आणि भोपळ्यावर एकदाही शस्त्र न चालवता थेट रुग्णासमोर, म्हणजे विद्यार्थ्यांसमोर, उभे राहतात.

महाराष्ट्राचा अनुभव

संगणक-साक्षरतेच्या बाबतीत महाराष्ट्र मागे राहिला असे म्हणता येत नाही. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला. माझ्या पिढीतील अनेकांनी बीएएमएस करतानाच तो केला. पुढे शासकीय सेवकांसाठी तो आवश्यक ठरला आणि शाळांतील अनेक शिक्षकांच्या वेतनवाढीचा प्रश्नही त्याच्याशी जोडला गेला. या अभ्यासक्रमाने लाखो लोकांची भीती घालविली, हे त्याचे मोठे श्रेय. तथापि मी तेव्हा शिकलेल्या संगणक-प्रणाल्या आज वापरात नाहीत. अभ्यासक्रम स्वतः बदलत गेला, पण एकदा प्रमाणपत्र मिळविलेला माणूस पुन्हा तिकडे फिरकला नाही. औषधाला जशी सवीर्यता-अवधी असते तशी या कौशल्यालाही असते.

सराव न करता कर्मास आरंभ केल्यास काय होते याचे उदाहरण आपल्या परिसराने अनुभवले आहे. मीरा-भाईंदरमधील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय विद्यापीठाने एकदम सर्व शाखांसाठी अमलात आणला. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, ती पाळली गेली नाही. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. यामागे उत्तरपत्रिकांच्या स्कॅनिंगपासून अनेक कारणे होती, केवळ अध्यापकांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु अध्यापकांना खऱ्या उत्तरपत्रिकांवरच शिकावे लागले, तेथे भोपळा कोणी ठेवलाच नव्हता, हे मान्य करावे लागते.

याउलट चांगली उदाहरणेही जवळच आहेत. पवई येथील आयआयटी मुंबईत डॉ. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने हजारो अभियांत्रिकी अध्यापकांचे प्रशिक्षण झाले. त्यात प्रथम प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला पवईत बोलावून तयार केले जाई. नंतर अध्यापक आपल्या जवळच्या केंद्रात बसून व्याख्यान ऐकत आणि त्या समन्वयकाच्या मदतीने तेथेच प्रात्यक्षिक करीत. अडले तर विचारावयास माणूस शेजारी असे. त्याच संस्थेतील प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांचे छोटे पाठ असून त्यांतील अनेक मराठीत उपलब्ध आहेत. पाठ थोडा ऐकावा, थांबवावा, तेवढेच स्वतः करून पाहावे आणि पुढे जावे, अशी त्याची रीत आहे. पन्नाशीच्या अध्यापकालाही ती जमते.

आयुर्वेदाच्या अध्यापकाला नेमके काय यावे?

टंकलेखन आणि सादरीकरण येणे पुरेसे होते तो काळ गेला. पुढील गोष्टी आता अध्यापनाचाच भाग झाल्या आहेत.

पहिली गोष्ट संहितांचा शोध. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हैदराबाद येथील वैद्यकीय वारसा संस्थेने चरक, सुश्रुत आदी संहिता आणि निघंटु संगणकावर शोधता येतील अशा रूपात दिले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने आज विद्यार्थ्यांच्या खिशात आहेत. ती क्षणात उत्तर देतात, परंतु कधीकधी संहितेत नसलेला श्लोकही अध्यायक्रमांकासह सांगतात. अशा वेळी ‘हा संदर्भ मूळ संहितेत काढून दाखवा’ असे म्हणणारा आणि स्वतः काढून दाखविणारा अध्यापक हवा.

दुसरी गोष्ट निदानाची सांकेतिक नोंद. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘नमस्ते’ या नावाने आयुर्वेदीय व्याधिसंज्ञांची प्रमाणित सूची उपलब्ध करून दिली. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या निदानांचा विभाग जाहीर केला. त्याच महिन्यात विमा नियामक प्राधिकरणाने आयुष उपचारांना विमा संरक्षणात अन्य उपचारांच्या बरोबरीने स्थान देण्याची सूचना विमा कंपन्यांना केली. आमवात, वातरक्त आणि संधिगत वात यांतील भेद रुग्णाच्या सांध्यावर हात ठेवून कळतो, पण संगणकात चुकीचा संकेत पडला तर तो भेद नोंदीतून पुसला जातो. रोगनिदानाच्या अध्यापकानेच हे शिकवावयास हवे, अन्यथा विद्यार्थी ते संगणक-प्रणाली विकणाऱ्याकडून शिकतील.

तिसरी गोष्ट ऑनलाइन अध्यापन. २०२२ च्या नियमावलीनुसार बीएएमएसमध्ये ऐच्छिक विषय ऑनलाइन पद्धतीने शिकविले जातात. नव्याने अध्यापक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी २०२४ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षाही सुरू झाली असून ती संगणकावर घेतली गेली. नवे येतील ते या प्रवाहातून येतील. प्रश्न आहे तो वीस-पंचवीस वर्षे उत्तम शिकविणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी केंद्र शासनाच्या योजनेतून सहा दिवसांचे निरंतर शिक्षणाचे कार्यक्रम होतात आणि ते उपयुक्त आहेत. मात्र सहा दिवस हा पूर्वकर्माचा काळ समजावा, प्रधानकर्म त्यानंतर महाविद्यालयात व्हावे.

आपण काय करू शकतो?

यासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या संघटनेच्या शाखांना अल्प खर्चात पुढील गोष्टी करता येतील, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

१. दर महिन्याला दोन तासांची एक बैठक व्हावी. तीत एकच कौशल्य आणि तेही अध्यापकाच्या स्वतःच्या विषयातील असावे. संगणकाचा ‘परिचय’ आता पुरे.

२. प्रत्येक बैठकीत भोपळा असावा, म्हणजे खोटे रुग्णपत्रक, सरावाची उत्तरपत्रिका, रिकामा वर्ग. चूक करण्याची मुभा आधी, प्रमाणपत्र नंतर.

३. प्रत्येक महाविद्यालयात एक तरुण अध्यापक अथवा आंतरवासीय विद्यार्थी सोबती म्हणून नेमावा. वरिष्ठांना विद्यार्थ्यांसमोर विचारण्यास संकोच वाटतो, सोबत्याला फोन करण्यास वाटत नाही. मोबदल्यात त्या तरुणाला वरिष्ठांचे द्रव्यज्ञान व निदानकौशल्य मिळेल. हीच तद्विद्य संभाषा होय.

४. औषधी दुकानदार व निर्माते यांनी या कामी पुढे यावे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि २०१९ मध्ये औषध परवान्यांसाठी ‘ई-औषधी’ प्रणाली आली, तेव्हा अनेक लहान दुकानदार व निर्माते कोणत्याही प्रमाणपत्राविना, काम अडते म्हणून, संगणक शिकले. त्यांचा अनुभव अध्यापकांना उपयोगी पडेल. शिवाय अस्सल व भेसळयुक्त द्रव्यांची छायाचित्रे त्यांनी पुरविली तर द्रव्यगुणाच्या वर्गासाठी विश्वसनीय संग्रह तयार होईल.

या लेखाचा मसुदा सरांना वाचून दाखविला. ते आता निवृत्त झाले आहेत, परंतु आठवड्यातून एकदा ऑनलाइन शिकवितात. ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘एक दुरुस्ती कर. बारा रात्रींत मी शिकलो असे लिहू नकोस. ती प्रणाली त्यानंतर दोनदा बदलली, आणि दोन्ही वेळा मी पुन्हा भोपळ्यापासून सुरुवात केली.’

सरांची दुरुस्ती मी जशीच्या तशी येथे नोंदवितो. योग्या एकदा करून संपत नाही. आपल्या शाखेची पहिली बैठक माझ्या दवाखान्यात भरविण्यास मी तयार आहे. रविवारी दुपारी दवाखाना बंद असतो आणि भाईंदर स्थानकापासून तो पायी अंतरावर आहे. येताना अध्यापक मित्रांनी आपला मोबाइल आणि दुकानदार बंधूंनी अशोकाच्या सालीचा एकेक नमुना अवश्य आणावा.