असाइनमेंटवर कोणी काही लिहितं का?

अमझेऱ्याहून आत्येबहिणीचा फोन आला. "दादा, अर्धवट राहिलेलं एम.ए. घरी बसून पुन्हा करायचं म्हणतेय. तू कॉम्प्युटरवाला, सांग कुठून करू?" मी लगेच कुणाचं ॲप बरं, कुणाचे व्हिडिओ चांगले, ते सांगायला लागलो. तिने मध्येच थांबवलं. "ते मलाही दिसतं रे. असाइनमेंट तपासून येते ना, तिच्यावर कोणी काही लिहितं का, तेवढं बघ."

मागच्या खेपेला तिच्या असाइनमेंट परीक्षा होऊन गेल्यावर परत आल्या, त्याही नुसते गुण लिहून. काय चुकलं ते कळलंच नाही. एका विषयात ती राहिली आणि मग मुलाची शाळा, सासूबाईंचं आजारपण, यात सगळंच सुटलं. संस्थेचं नाव घेत नाही.

गंमत म्हणजे आपल्या धारच्या राजा भोजाच्या नावाने मध्य प्रदेशात मुक्त विद्यापीठच आहे, 1991 पासून, फक्त ते भोपाळला! त्याआधी 1985 साली इग्नू आणि 1989 साली नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले.

या शिक्षणात पुस्तकानेच मास्तर व्हायचं असतं. इग्नूची पुस्तिका उघडून बघा. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये मध्ये 'आपली प्रगती तपासा'चे प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरं. आम्ही कोड लिहितानाच त्याच्या चाचण्या लिहितो, तसंच हे. हिशोबही ठरलेला आहे: एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे 30 तास. चार श्रेयांकांच्या एका विषयाला 120 तास. रोज रात्री तासभर मिळाला तर एका विषयाला चार महिने! प्रवेश घेण्याआधी हे गणित घरातल्या सगळ्यांना दाखवावं, नवरोबांना तर नक्कीच.

तपासणीचं मात्र सगळीकडे सारखं नाही. आयआयटींच्या एनपीटीईएलवर बारा आठवड्यांच्या कोर्सात उत्तम आठ असाइनमेंटना 25 टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला 75 टक्के. तिथे पर्यायी प्रश्न मशीन तपासतं. एम.ए.च्या दोन पानी उत्तरात मुद्दा कुठे भरकटला, ते वाचून सांगायला मात्र माणूस लागतो. जाहिरातीत प्रवेश किती झाले ते असतं. मला विचाराल तर पहिली असाइनमेंट किती जणांनी दिली आणि ती किती दिवसांत परत गेली, हे आकडे बघावेत. आमच्या ॲपवरूनही माणसं अशीच पहिल्या अडचणीला गळतात.

यूजीसीची मान्यता आहे ना, हे आधी तपासलं. मान्यता असेल तर पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाते. (बी.ई. मात्र असं घरी बसून होत नाही, बरेच भाचे विचारतात म्हणून सांगितलं.) मग तीन केंद्रांना फोन केले. कोण तपासतं, किती दिवसांत, शेरा लिहितात का? दोघांनी फीची माहिती पाठवली. तिसरीकडच्या बाई म्हणाल्या, "मीच तपासते. महिना लागतो, पण लिहिते."

बहिणीने तिथे प्रवेश घेतला. परवा तिने पहिल्या असाइनमेंटचा फोटो पाठवला. गुण बेताचेच होते, पण समासात लाल शाईने लिहिलं होतं: 'उदाहरण चांगलं, पण प्रश्नाचं उत्तर राहिलं. पुन्हा लिहून पाहा.' खाली तिचा मेसेज: "लिहायला बसलेय. आता फोन करू नकोस."